लेन्स, कार्ट्रिज आणि छेदाचं माप: या चुका टाळा

फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून लहान छेदातून काढायचं ऑपरेशन, शिकायला आलेल्या मुलामुलींचा सगळा जीव मोतीबिंदू फोडण्यात असतो. न्यूक्लिअस (मोतीबिंदूचा कठीण गाभा) निघाला, कॉर्टेक्स (भोवतालचा मऊ थर) साफ झाला, की हात सैल पडतो. आता काय, फक्त लेन्स टाकायची! छान चाललेल्या केसचा विचका झालेला मी पाहिला आहे तो बहुतेक वेळा याच शेवटच्या दोन मिनिटांत.

मुंबईत आपल्यापैकी पुष्कळ जण व्हिजिटिंग. सकाळी दादर, दुपारी भांडुप, आणि प्रत्येक ओटीत (ऑपरेशन थिएटरात) लेन्स वेगळी, ती डोळ्यात सोडणारा इंजेक्टर वेगळा, त्याच्या टोकाची नळी म्हणजे कार्ट्रिज वेगळं. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी सिस्टरना विचारलं, "कार्ट्रिज कुठलं?" त्या म्हणाल्या, "मॅडम, नेहमीचंच." मी पुढे विचारलं नाही. लेन्स एका कंपनीची होती, कार्ट्रिज दुसरीचं. त्यात पॉवर 26, म्हणजे मधोमध चांगली जाड लेन्स. प्लंजर (लेन्स पुढे ढकलणारा दांडा) अर्ध्यावर घट्ट झाला आणि मी जोर लावला. कार्ट्रिजच्या टोकाला बारीक तडा गेला आणि लेन्स आत उतरली ती ऑप्टिकची (लेन्सच्या मधल्या भिंगाची) कड फाटूनच. ती डोळ्याच्या आत कापून काढावी लागली, छेद वाढवावा लागला, आजींना टाका पडला. बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणून त्या चाळीत सगळ्यांना सांगून आल्या होत्या. तेव्हापासून लेन्सचा डबा आणि कार्ट्रिजचं पाकीट मी हात धुवायच्या आधी स्वतः वाचते. लेन्सच्या कंपनीने सांगितलेलं कार्ट्रिज, त्या पॉवरला चालणारं, आणि त्या कार्ट्रिजला लागणारा छेद. केराटोम (छेद घ्यायची सुरी) उचलण्याआधी या तिन्ही गोष्टी ठाऊक हव्यात.

नळी गोल, छेद सपाट

ही चूक हुशार मुलंही करतात. कार्ट्रिजच्या टोकाचा बाहेरचा व्यास समजा 1.8 मिमी आहे, मग 2.2 च्या छेदातून ते सहज जाईल असं मनात धरतात. पण छेद ही सपाट फट आहे. नळी आत शिरते तेव्हा फटीचा वरचा आणि खालचा ओठ तिला निम्मा-निम्मा वेढा घालतात. म्हणून लागणारी रुंदी ही नळीच्या परिघाच्या निम्मी. 1.8 ला 3.14 ने गुणा, 5.65 येतात, त्याचे निम्मे 2.8. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) थोडा ताण देतो म्हणून जरा लहान छेदातूनही नळी सरकते, पण त्या ताणाची किंमत मोजावी लागते. कडा फाटतात, आतल्या बाजूने डेसिमेट (कॉर्नियाचा आतला पातळ पापुद्रा) सोलून निघतो, आणि आपोआप मिटणारा छेद शेवटी गळतो.

जाताना नळी अडली, तर केराटोम परत घ्या आणि छेद दोन-तीन दशांश मिमी वाढवा. यात कमीपणा नाही. 2.2 आणि 2.8 मधल्या छेदाने चष्म्याच्या सिलिंडर नंबरात पडणारा फरक सहसा अगदी थोडा असतो; फाटलेल्या कडेचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त. उलट, सुरुवातीलाच छेद ऐसपैस घेऊ नका. फेको चालू असताना कडेने पाणी गळतं, चेंबर (कॉर्निया आणि बुबुळामधली जागा) उथळ होतं, बुबुळ छेदाकडे धावतं.

छेद किती लहान हवा हे पहिल्यापासून लेन्सनेच ठरवलं आहे. हॅरल्ड रिडली यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये पहिली लेन्स डोळ्यात ठेवली ती कडक पीएमएमए प्लास्टिकची. 1967 मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेको आणला, मोतीबिंदू तीनेक मिमीच्या छेदातून निघू लागला, पण लेन्स दुमडत नव्हती म्हणून तोच छेद पुन्हा सहा मिमीपर्यंत वाढवावा लागे. फोल्डेबल लेन्स आली तेव्हा कुठे छेद खरोखर लहान राहिला.

भरताना

कार्ट्रिजमध्ये व्हिस्को (डोळ्यात वापरायची घट्ट जेल) कंजूसपणे घालू नका. आधी टोकापासून मागपर्यंत भरा, मग लेन्स ठेवा, मग वरून आणखी. हॅप्टिक (लेन्सला आधार देणारी बारीक दांडी) आत दुमडल्याची खात्री झाल्यावरच कार्ट्रिजचे पंख मिटा आणि मिटल्यावर मायक्रोस्कोपखाली एकदा बघा. कडेत अडकलेली हॅप्टिक तिथे केसासारखी दिसते. लेन्स भरून ट्रॉलीवर ठेवून देऊ नका. व्हिस्को सुकतं, लेन्सला घडी पडते. ओटीचा एसी कडक असेल तर हायड्रोफोबिक (पाणी न शोषणारी) लेन्स ताठरते आणि आत हळू उलगडते, तिला वेळ द्या. आणि एका पेशंटचं कार्ट्रिज धुऊन दुसऱ्याला कधीही नाही. आतला गुळगुळीत थर एकदाच वापरण्यासाठी असतो, आणि धुतल्यावर राहिलेला अंश डोळ्यात गेला तर दुसऱ्या दिवशी कॉर्निया सुजलेला दिसू शकतो.

ढकलताना

प्लंजरचा दाब एकदम वाढला की थांबा. प्लंजर ऑप्टिकच्या वर चढला असेल तर मागे घ्या, सगळं बाहेर काढा, नवं कार्ट्रिज घ्या. कार्ट्रिजचं टोक फक्त छेदाच्या तोंडाशी टेकवून लेन्स सोडणार असाल, तर चेंबर व्हिस्कोने टणक हवं आणि साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) डोळा धरलेला हवा. नाहीतर डोळा पळतो आणि लेन्स बाहेरच उलगडते. लेन्स आत आल्यावर हॅप्टिकचा आकार बघा. नेहमीच्या सी-लूप लेन्समध्ये उलटा एस दिसला तर ती सरळ आहे. एस दिसला तर उलटी पडली आहे. पिशवीत (नैसर्गिक लेन्सच्या आवरणात) फिरवण्याआधी परत पलटा.

शेवटी छेद हायड्रेट करून (कडांत पाणी भरून फुगवून) ओला स्पंज लावून सोडून देतात. एवढ्याने भागत नाही. फ्लुओरेसिन रंगाची पट्टी छेदावर टेकवा, डोळ्यावर हलका दाब द्या. हिरवी रेघ वाहिली तर 10-0 नायलॉनचा एक टाका घाला. जुलैत हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून घरी जाणाऱ्या पेशंटला गळका छेद देऊन पाठवू नका. टाका पडला तर बाहेर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला त्याच दिवशी सांगा: टाका का घातला, कधी काढणार, आणि डोळा लाल झाला किंवा दुखला तर रात्रीसुद्धा कोणत्या नंबरवर फोन करायचा.