सल्ला मागायला आलेल्या माणसासमोर

एम.ए. संपत आलेली किंवा नुकतीच एखाद्या संस्थेत समुपदेशक म्हणून रुजू झालेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "समोरच्याला नेमकं सांगायचं तरी काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या भेटीत काही सांगायच्या मागे लागू नका. आपण दोघं मिळून कशावर काम करणार आहोत, एवढं जरी ठरलं तरी ती भेट सत्कारणी लागली.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की, उपचाराचं नातं तीन गोष्टींवर उभं असतं: ध्येयाबद्दल एकमत, ते गाठायला काय काय करायचं याबद्दल एकमत आणि दोघांमधला विश्वास. त्यानंतर झालेल्या भरपूर संशोधनात एक गोष्ट सातत्याने दिसली आहे. पद्धत कुठलीही असो, हे नातं चांगलं जुळलं की गुण येण्याची शक्यता वाढते. नवखे लोक विश्वासावर मेहनत घेतात, गोड बोलतात, मनापासून ऐकतात. ध्येयाचं मात्र राहून जातं. मग चार-पाच भेटी होतात, माणूस दरवेळी मन मोकळं करून जातो आणि एके दिवशी यायचा बंद होतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील यात एकत्र केले आहेत. साठीच्या आसपासच्या एक काकू. झोप नाही, डोकं जड, छातीत धडधड. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, सगळं ठीक निघालं, तेव्हा माझ्याकडे पाठवलं. (हा क्रम महत्त्वाचा आहे. अंगावरच्या तक्रारींमागे शारीरिक कारण नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिलंय का, ते आधी विचारायचं.) काकू बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एकदा सूनबाईला बोलावून चार शब्द सांगा. बाकी मला काही नको."

इथे "मी तिला सांगू शकत नाही" असं म्हटलं तर त्या उठून जातील. "बोलावते" म्हटलं तर मी त्यांच्या घरातली पंच होईन. मी विचारलं, "काकू, समजा सूनबाई उद्यापासून तुम्हाला हवी तशी वागायला लागली. तुमच्या दिवसात काय वेगळं होईल?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. असा वेळ गेला की नवख्या समुपदेशकाला धीर धरवत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो. टाकू नका. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "रात्री झोप लागेल. आणि गुरुवारी भजनाला जाईन परत. सोडलंय मी ते."

आता कामाला धरायला काहीतरी सापडलं. भजन का सोडलं, झोप कधीपासून उडाली, रात्री जाग आली की मनात काय येतं, हे आम्ही पाहायला लागलो. पुढच्या गुरुवारी भजनाला जायचं, निदान अर्धा तास बसायचं, मन लागलं नाही तरी जायचं, असं ठरलं. उदास माणूस बरं वाटण्याची वाट पाहत घरात थांबतो आणि थांबल्यामुळे आणखी उदास होतो. म्हणून आधी हालचाल, मग मनःस्थिती. हे तंत्र फार साधं दिसतं, पण नैराश्यावर ते परिणामकारक असल्याचं अभ्यासांतून सिद्ध झालं आहे.

तिसऱ्या भेटीत कागदावर तीन रकाने आखले. घटना: सून म्हणाली, "आई, राहू द्या, मी करते." विचार: माझी या घरात आता गरज उरली नाही. परिणाम: न जेवता खोलीत जाऊन बसले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आणि मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतींचं सार या रकान्यांत आहे. घटना आणि परिणाम यांच्यामध्ये आपण लावलेला अर्थ असतो. महाराष्ट्रात एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत चांगली रुजली आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे.

पण रकाने भरले म्हणून लगेच वाद घालायला बसू नका. "असं का समजता, ती तर मदतच करत होती" हे वाक्य शेजारीणही बोलते. मी काकूंना आधी एवढंच म्हटलं, "इतकी वर्षं ज्या ओट्याशी उभ्या राहिलात, तिथून कुणी बाजूला करतंय असं वाटलं तर जिवाला लागणारच." त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनीच मधल्या रकान्यावर बोट ठेवलं, "पण ती तसं म्हणाली नव्हती." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये सहृदयता, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या गोष्टींवर भर दिला होता. या गोष्टी म्हणजे उपचारपद्धती सुरू करण्याआधी उरकायच्या औपचारिकता नव्हेत. पद्धत चालते ती त्यांच्याच आधारावर.

आता गोपनीयता. आपल्याकडे यावर सगळ्यात जास्त ओढाताण होते, कारण फी भरतो एक आणि खुर्चीत बसतो दुसरा. बाहेर वडील बसलेले असतात. मुलगा बाहेर पडला की आत डोकावून विचारतात, "काय म्हणाला?" त्यांची काळजी खरी असते, त्यांना झिडकारायचं नाही. मी पहिल्याच भेटीत सगळ्यांना एकत्र बसवून सांगते की, आतलं बोलणं आतच राहील. जिवाला धोका असेल तर मात्र मी घरच्यांना सांगेन आणि तेही तुला आधी सांगून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवादही नमूद केले आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे गोपनीयतेची सबब चालत नाही. हे पाठ असू द्या, कारण ऐन वेळी पुस्तक उघडता येत नाही.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे आत्महत्येचा प्रश्न. "विचारलं तर त्याच्या डोक्यात येईल" ही भीती निराधार आहे. स्पष्ट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, कधी, ठरवलंय का काही? घरात कीटकनाशक, झोपेच्या गोळ्या आहेत का?" विचारताना आवाज खाली नेऊ नका, नजर चुकवू नका. उत्तर 'हो' असेल तर तिथल्या तिथे सुरक्षेची योजना लिहून काढायची: धोक्याची चाहूल कशी लागते, त्या वेळी स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, घरातली घातक वस्तू कोण हलवणार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो त्या कागदावर लिहा. धोका मोठा वाटला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायची व्यवस्था करायची. याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला उपचार देणं ही शासनाची जबाबदारी ठरते. पोलीस केसच्या धाकाने घरचे लोक प्रकार लपवतात, त्यांना हे समजावून सांगा.

आपली हद्दही ओळखून असा. औषधं लिहून देण्याचा आणि चालू असलेली बंद करायला सांगण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसती एम.ए.ची पदवी पुरत नाही. कानात आवाज येणं, टोकाचा संशय, कित्येक दिवस झोपेशिवाय उत्साहात असणं, असं काही दिसलं की मनोविकारतज्ज्ञांना चिठ्ठी द्या आणि पुढेही त्यांच्या संपर्कात राहा. कुणी आधी देवऋषाकडे जाऊन आलं असेल तर हसू नका, तिथे काय मिळालं ते विचारा. मात्र तिथे मारहाण होत असेल, उपाशी ठेवत असतील किंवा गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील, तर रोखठोक बोला. अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

पहिली काही वर्षं अनुभवी व्यक्तीच्या मार्गदर्शनाशिवाय काम करू नका. नोकरी घेताना पगाराइतक्याच आग्रहाने विचारा की इथे माझ्या केसेसवर नियमित चर्चा कोण करणार. "गरज पडली तर बघू" असं उत्तर आलं तर स्वतःच्या खर्चाने बाहेर मार्गदर्शक शोधा. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी टिपण लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी कुठून सुरुवात. सल्ल्याला आलेल्या माणसाला शिवी वाटेल असं काही त्यात लिहू नका, कारण उद्या तो स्वतः ते वाचायला मागू शकतो.

भेटी संपवायचंही आधीपासून ठरवा. काकू आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी यायला लागल्या, मग महिन्याने. शेवटच्या भेटीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात यादी केली: पुन्हा बिघडायला लागलं तर मला आधी काय दिसेल. पहिल्या ओळीत लिहिलं, "भजन चुकवायला कारणं शोधेन." खाली सूनबाईंचा फोन नंबर टाकला आणि तो कागद घरी फ्रिजवर लावायचं ठरवलं.