रिस्क-फ्री रिटर्नचा आकडा आधी काढा, मग कुठं पैसे टाकायचे ते ठरवा

कुणी स्कीम घेऊन आलं की आपण लगेच विचारतो "किती टक्के मिळतील". त्याच्या आधी स्वतःला एक विचारायला हवं, काहीच जोखीम घेतली नाही तर मला आज किती मिळतायत? हा आकडा माहीत असला की समोरच्याचे टक्के खरंच जास्त आहेत का आणि ते जास्तीचे कशापायी मिळतायत हे कळायला लागतं. भारतात हा आकडा बघायचा तो सरकारी कर्जाच्या दरात. भारत सरकार रुपयात उधार घेतं आणि रुपयातच फेडतं, कर लावायचा अधिकार त्याच्याकडे, म्हणून आपल्या देशात पैसे बुडायची शक्यता सगळ्यात कमी इथंच. अगदी शून्य नाही म्हणत हं, रशियाने ऑगस्ट १९९८ मध्ये स्वतःच्या रुबलमधल्या रोख्यांचे पैसे अडकवले होते, पण रुपयात कमावणाऱ्या आणि रुपयात खर्च करणाऱ्या माणसाला याहून भक्कम देणेकरी दुसरा नाही.

थोड्या दिवसांसाठी बघायचं ते ट्रेझरी बिल, म्हणजे टी-बिल, सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात, रिझर्व्ह बँक सरकारच्या वतीने साधारणपणे दर बुधवारी त्यांचा लिलाव करते. यात वेगळं व्याज नसतं, १०० चं बिल कमी किमतीला मिळतं आणि मुदत संपली की पूर्ण १०० हातात येतात. हिशोब एकदा स्वतः करून बघाच. समजा ९१ दिवसांचं बिल ९८.४० ला मिळालं तर फायदा १.६०, त्याला ९८.४० ने भागा, ३६५ ने गुणा, ९१ ने भागा, वर्षाला साधारण ६.५ टक्के आले. दर आठवड्याचा ताजा आकडा रिझर्व्ह बँकेच्या साइटवर लिलावाच्या निकालात कट-ऑफ यील्ड म्हणून दिलेला असतो.

आता कुठल्या मुदतीचा आकडा धरायचा? पैसे जेव्हा लागणार त्या मुदतीचा. पुढच्या वर्षी मुलीची फी भरायचीय तर ३६४ दिवसांचं टी-बिल बघा, दहा वर्षांनी लागणार असतील तर दहा वर्षांचा सरकारी रोखा, म्हणजे सरकारने लांब मुदतीसाठी घेतलेलं कर्ज. इथं बरेच जण फसतात, सरकारी रोखा म्हणजे कधीही विका नुकसान नाही असं धरून चालतात. बाजारातले दर १ टक्का वाढले तर दहा वर्षांच्या रोख्याची किंमत ढोबळमानाने ७ टक्के पडते, कारण नवा रोखा जास्त व्याज देत असताना जुना कोणी पूर्ण भावाला घेत नाही, आणि तुम्हाला मध्येच विकायची वेळ आली तर तो तोटा खराखुरा तुमचाच. गिल्ट फंडाची, म्हणजे सरकारी रोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडाची, एनएव्ही (एका युनिटची किंमत) खाली जाते ती पण याचमुळे. रोखा शेवटपर्यंत धरला तर मुद्दल पूर्ण परत मिळतं.

बँकेतली एफडी याच्या जवळ जाते, पण अगदी तीच गोष्ट नाही. डीआयसीजीसी, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीचे पैसे देणारी रिझर्व्ह बँकेची संस्था, तिचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि तीन शाखांत तीन एफडी केल्या तरी बेरीज एकच धरतात. हे ५ लाख फेब्रुवारी २०२० पासून झाले, त्याआधी फक्त १ लाख होते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते, मुंबईत कितीतरी घरांनी ते दिवस काढलेत. आणि पतसंस्था! गावोगावी लोक बँक समजून आयुष्याची पुंजी तिथं ठेवतात, पण पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नसतो. चेअरमन ओळखीचे, पाहुण्यातले असले तरी तो लागू होत नाही. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत असतील तर ते दोन टक्के याच जोखमीचे आहेत. घरात आई-वडिलांच्या ठेवी अशा असतील तर कृपया एकदा शांतपणे सोबत बसून कागद बघा.

मग टॅक्स आणि महागाई. एफडी ७ टक्क्यांची, तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून ३१.२ टक्के गेले की हातात ४.८ उरले. महागाई ५ टक्के असेल तर पैसे आकड्यात वाढले पण त्यात येणारा किराणा कमीच झाला. म्हणून तुलना नेहमी टॅक्स कापून करा. पीपीएफ इथं वेगळं उठून दिसतं कारण व्याजावर टॅक्सच नाही, पण वर्षाला दीड लाखाची मर्यादा आणि पंधरा वर्षांची मुदत, शिवाय दर सरकार दर तिमाहीला ठरवतं.

म्युच्युअल फंडाला हाच आकडा लावा. शेअर्सच्या फंडातून लांबच्या मुदतीत ११ टक्के येतील असा तुमचा अंदाज आणि सरकारी रोखा ६.८ देतोय, तर खालीवर होण्याचा सगळा ताप तुम्ही ४.२ टक्क्यांसाठी घेताय, तेवढ्यासाठी झेपेल का ते तुम्हीच ठरवा. फंडाच्या फॅक्टशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, जोखमीच्या मानाने किती मिळालं ते सांगणारा शार्प रेशो देतात तो पण असाच निघतो, फंडाच्या रिटर्नमधून रिस्क-फ्री दर वजा करायचा आणि चढउताराने भागायचं. कुठला दर धरलाय ते खाली बारीक अक्षरात असतं, बहुतेक वेळा एका रात्रीचा मायबॉर, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी उधार देतात तो दर. आणि कुणी "महिन्याला ३ टक्के, गॅरंटीड" म्हणत आलं तर वर्षाचे ३६ झाले. सरकार ज्या पैशाला ६-७ देतं त्याला हा माणूस पाचपट का देतोय? बँक याला स्वस्तात कर्ज का देत नाही? एवढं विचारा, उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

स्वतः टी-बिल घ्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट हे ऑनलाइन पोर्टल आहे, नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. पॅन, केवायसीचा कागद, बचत खातं, मोबाईल आणि ईमेल लागतो, खातं उघडायला फी नाही, कमीत कमी १०,००० च्या दर्शनी किमतीपासून घेता येतं. किंमत तुम्ही सांगायची नसते, नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोली टाकायची आणि मोठ्या बँकांच्या बोलींतून निघालेला सरासरी भाव मिळतो. लिलावाच्या दिवसाची वाट बघू नका, बोलीची वेळ आधी संपते. मुदत संपली की पैसे थेट जोडलेल्या खात्यात येतात. मध्येच विकायची सोय आहे, पण छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे दवाखान्यासारख्या अचानक खर्चाचे पैसे इथं अडकवू नका, ते बचत खात्यातच राहू द्या.