इथिओपियाचं संघराज्य समजून घेताना या चुका टाळा

ओरोमिया राज्यात ओरोमो लोक, अम्हारा राज्यात अम्हारा लोक, म्हणजे आपल्यासारखीच भाषावार प्रांतरचना, असं समजून बरेच जण इथिओपियावर लिहायला बसतात. पाया तिथेच चुकतो. भारतात नवं राज्य संसद बनवते. इथिओपियाच्या १९९५च्या राज्यघटनेने सार्वभौमत्वच तिथल्या वांशिक समूहांकडे दिलं आहे. कलम ३९ प्रमाणे त्यांना देशातून फुटून निघण्याचाही हक्क आहे. त्यासाठी समूहाच्या विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत आणि मग सार्वमत लागतं. एरिट्रियाचं उदाहरण मात्र इथे देऊ नका. तो देश १९९३ मध्येच, म्हणजे या घटनेच्या आधी स्वतंत्र झाला.

प्रत्येक राज्यात त्या नावाच्या लोकांचं बहुमत असतं, हेही गृहीत धरू नका. हरारीत २००७च्या जनगणनेनुसार हरारी लोक दहा टक्क्यांहूनही कमी होते, निम्म्याहून जास्त ओरोमो. तरी विधिमंडळातल्या १४ जागा फक्त हरारींच्या. असा तोल सांभाळणं किती नाजूक काम आहे, हे अशा तपशिलातच कळतं.

नऊ राज्यांचा जुना नकाशा वापरू नका. नोव्हेंबर २०१९च्या सार्वमतात दक्षिणेकडच्या सिदामा लोकांनी ९८ टक्क्यांहून जास्त मतांनी वेगळं राज्य मागितलं आणि २०२० मध्ये ते मिळवलं. त्यानंतर दक्षिणेकडचं मोठं राज्य आणखी विभागलं गेलं. आता राज्यं १२ आहेत, शिवाय अदिस अबाबा आणि दिरे दावा ही शहरं वेगळी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घटनेचा अर्थ सर्वोच्च न्यायालय लावतं असं मानणं. हा अधिकार फेडरेशन सभागृहाचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा आहे. तिथे प्रत्येक समूहाचा निदान एक प्रतिनिधी असतो आणि दर दहा लाख लोकसंख्येमागे आणखी एक. २०२० मध्ये कोरोनामुळे निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, तेव्हा सरकारची मुदत याच सभागृहाने वाढवून दिली. उत्तरेकडच्या टिग्रे राज्याने ते मानलं नाही, सप्टेंबरमध्ये स्वतःची निवडणूक घेतली. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार आणि टिग्रे यांच्यात युद्ध पेटलं. या युद्धाला नुसता 'वांशिक संघर्ष' म्हणून मोकळं होऊ नका. घटनेचा अर्थ कोणी लावायचा आणि तो कोणावर बंधनकारक, हा वादही त्याच्या मुळाशी होता.

घटना वाचताना पक्षही बघा. १९९१ ते २०१९ या काळात एकाच आघाडीची केंद्रावर पकड होती, बहुतेक राज्यांतही तिचे घटकपक्ष किंवा मित्रपक्षच सत्तेवर. त्यामुळे कागदावरची स्वायत्तता प्रत्यक्षात फार थोडी उरली होती.