पावसातली मंडई, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धाटणीत

१८९३ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हिमवादळात तीन तास ताटकळत उभे राहिले, हातात धरायचा साधा कॅमेरा घेऊन. त्या काळातल्या बर्फा-पावसाच्या फोटोंचं मर्म छटांमध्ये आहे. जवळचा माणूस गडद, मधली घरं करडी, लांबची इमारत कागदात विरून गेलेली. पुण्यात असे फोटो काढायला महात्मा फुले मंडईसारखी जागा नाही: १८८६ची दगडी इमारत, टोकदार मनोरा आणि पुढ्यात सतत माणसांची वर्दळ.

मनोऱ्यापासून शंभरेक मीटर तरी मागे या. फार जवळ गेलात तर मध्ये पावसाचा पडदाच उरत नाही, मनोरा काळा ठोकळा होतो. संध्याकाळी सहानंतर पूर्वेच्या बाजूने पश्चिमेकडे बघा. उजेड समोरून आला की ओला रस्ता चमकतो आणि छत्र्या उठून दिसतात. आडोशाला उभे राहताना पत्र्याच्या कडेपासून हातभर आत राहा, नाहीतर पागोळ्यांचे शिंतोडे लेन्सवर येतात.

शटर (कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ) १/३० सेकंद. १/५००ला थेंब गोठतात आणि फोटोवर धूळ बसल्यासारखी दिसते. १/३०ला सरी पातळ होऊन पसरतात, चालणाऱ्याचा पाय जरासा हलतो, छत्री मात्र नीट राहते. १/८ला माणूसच पुसला जातो. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००पासून सुरुवात करा. उजळ आभाळाने कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) अर्धा स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. फोकस हाताने लावा. ऑटोफोकस सरींमध्ये भरकटतो. मोबाइल असेल तर एचडीआर (उजळ आणि गडद भाग आपोआप सावरणारी सोय) बंद करा, कारण तो हवा असलेला धूसरपणाच खाऊन टाकतो.

मग थांबायचं. दोन छत्र्या एकमेकींवर आल्या की नुसता गोळा दिसतो. एक छत्री, तिच्या दोन्ही बाजूंना चमकता रस्ता, एवढं जुळलं की बटण दाबा.

एसीतून थेट बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि बाहेर अर्धा तास तसाच ठेवा. दव पिशवीवर धरतं. काच पुसायला सुती फडकं कोरड्या डबीत ठेवा. खिशातला रुमाल तोवर ओलसर झालेला असतो.

घरी आल्यावर कॉन्ट्रास्ट वाढवू नका. कडेचे बोर्ड, वायरी कापून टाका. स्टिग्लिट्झनीही फिफ्थ अव्हेन्यूचा फोटो बराच कापला होता. हातकागदावर प्रिंट छान दिसते, पण कोटिंग नसलेल्या कागदात शाई फुटते आणि काळा रंग मळकट होतो. आधी हाताएवढ्या तुकड्यावर छापून बघा.