डाउन सिंड्रोम असलेले मूल वाढवताना आनंद पुढे ढकलू नये

निदान कळल्यावर घरात पहिला प्रश्न येतो तो "हे बरं कधी होईल?" असा, आणि जोवर तो प्रश्न घरात नांदतो तोवर लेकराचे साधे कौतुक करणेही राहून जाते. डाउन सिंड्रोम ही जन्मतःच असणारी स्थिती आहे. शरीरातील पेशींत २१व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्यामुळे गुणसूत्रे बहुधा ४६ ऐवजी ४७ होतात, आणि कोणत्याही औषधाने, काढ्याने वा नवसाने ती प्रत कमी होत नाही. हे एकदा मनाशी पक्के केले की मूल "बरे" होण्याची वाट पाहणे थांबते आणि त्याला वाढवण्याचे काम सुरू होते. आनंद याच कामात आहे, मात्र त्यासाठी कामाची मांडणी थोडी विचारपूर्वक करावी लागते.

आपल्याकडे दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो. ग्रहणात भाजी चिरली, पोटुशी असताना रानात गेली, असे काहीबाही बोलले जाते. बहुतेक वेळा ही जादा प्रत पेशी विभागताना निव्वळ योगायोगाने येते, हे वडिलांनी स्वतः आणि सर्वांसमक्ष सांगावे, कारण आईने सांगितलेले नातेवाईक मनावर घेत नाहीत. थोड्या कुटुंबांत ती आई किंवा वडिलांकडून आलेली असू शकते, म्हणून गुणसूत्रांची रक्ततपासणी करून घ्यावी आणि पुढच्या बाळंतपणाचा विचार तिच्या अहवालावरून, डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

प्रकृतीकडे सुरुवातीलाच लक्ष द्यावे. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो आणि वरून मूल ठणठणीत दिसले तरी तो असू शकतो, त्यामुळे हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, टाळू नये. थायरॉइडची तपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी करावी. कान आणि डोळेही वेळोवेळी दाखवावेत, कारण ऐकू कमी येणारे मूल "हट्टी" ठरवले जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लहान मुलांच्या तपासणी-उपचारांच्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी मिळू शकते. मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे काही मुलांत सैल असतात, म्हणून कोलांटउडी मारू देऊ नये, आणि मान दुखणे, चाल बदलणे किंवा हातातील जोर कमी होणे असे काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

आता रोजच्या शिकवण्याकडे येऊ. या मुलांचे स्नायू मऊ असतात, त्यामुळे मान धरणे, बसणे, चालणे हे सगळे उशिरा येते. चालायला अनेकांना दोन वर्षे आणि काहींना त्याहून अधिक काळ लागतो. अशा वेळी कामाचे तुकडे पाडावेत आणि शेवटचा तुकडा सर्वांत आधी शिकवावा. उदाहरणार्थ, चड्डी घालायला शिकवताना दोन्ही पाय आपणच घालून ती गुडघ्यांच्या वर आणावी आणि कमरेपर्यंत ओढण्याचे काम तेवढे मुलाकडे सोपवावे. काही आठवड्यांनी गुडघ्याखालून, मग घोट्यापासून, असे मागे मागे सरकत जावे. काम दर वेळी मुलाच्याच हातून पुरे होते, शाबासकी दर वेळी खरी असते आणि ती देताना आई-वडिलांचा चेहराही खोटा हसत नाही. सुरुवातीचा तुकडा आधी शिकवला, तर मूल दर वेळी अर्ध्यावर अडते आणि दोघेही वैतागतात.

व्यायामासाठी वेगळे साहित्य लागतेच असे नाही. लातूर-धाराशिवकडे येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाच्या, आधी घरोघरी भज्जी या मिश्र भाजीसाठी ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला बसतात, तेव्हा मुलाला सुपाजवळ बसवून घ्यावे. आमची मुलगी शेंगेच्या शिरेवर अंगठा रोवते, ओठ घट्ट मिटते, शेंग फटकन उघडली की आधी आजीकडे बघते आणि मगच दाणे वाटीत टाकते. दुसऱ्या कुणी तिच्या वाटीत दाणे टाकलेले तिला खपत नाहीत. चिमटीची ताकद, डोळ्यांचा आणि हातांचा मेळ, तोंड मिटून धरण्याची सवय, हे सारे एका शेंगेत साधते. उंडे, म्हणजे पिठाचे गोळे, वळतानाही तळव्यांना तसेच काम मिळते. दाणे नाकातोंडात घालण्याच्या वयात मात्र मोठ्या माणसाने शेजारून उठू नये.

बोलणे उशिरा आले तरी समज बरीच आधी येते. म्हणून शब्द उच्चारताना त्याबरोबर हाताची ठरावीक खूण करावी, घरातील सर्वांनी तीच खूण वापरावी. खुणांमुळे बोलणे मागे पडत नाही. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले या मुलांच्या अधिक लक्षात राहते, तेव्हा भाकरी, तांब्या, आत्या यांचे फोटो काढून त्याखाली ठळक अक्षरांत शब्द लिहावा. विचारल्यावर उत्तरासाठी मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे. आजूबाजूचे लोक तेवढ्यात उत्तर देऊन मोकळे होतात, त्यांना नम्रपणे अडवावे. "ही मुले सदा हसतमुख असतात" हे ऐकीव विधानही बाजूला ठेवावे: ती रुसतात, खोड्या काढतात, भावंडांशी भांडतात, आणि रागावण्याचा त्यांचा हक्क इतरांइतकाच आहे.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेतही मागता येतो. शिक्षकांना मुलाच्या उणिवांची यादी देण्याऐवजी त्याला काय येते आणि ते कसे शिकवले, याची वही दाखवावी. वर्गात वही अधिक उपयोगी पडते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लवकर काढून ठेवावे, कारण एस.टी.ची सवलत आणि दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा यांसाठी ते लागते. वयाच्या १८ वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वाची गरज भासल्यास अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो. बँकेत आणि कचेरीत अंगठ्याऐवजी सही करता यावी म्हणून नावाची अक्षरे आधीपासून गिरवून घ्यावीत. जुन्या कॅलेंडरची कोरी मागची बाजू आणि जाड स्केचपेन त्याला पुरेसे होते.