न्यूजरीडर निवडताना या चुका टाळा

यूजनेट म्हणजे इंटरनेटवरचं, अनेक सर्व्हरांवर पसरलेलं जुनं चर्चेचं जाळं. त्यातले विषयवार कट्टे म्हणजे न्यूजग्रुप, आणि ते वाचण्या-लिहिण्याचा प्रोग्राम म्हणजे न्यूजरीडर. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्समधून यूजनेटवर पोस्ट टाकता येत नाही आणि यूजनेटवरचं नवं काही तिथे दिसतही नाही. जुना संग्रह तेवढा चाळता येतो. वर्षानुवर्षं ब्राउझरमधूनच न्यूजग्रुप वाचणाऱ्या अनेकांना त्यानंतर पहिल्यांदाच स्वतंत्र न्यूजरीडर शोधावा लागला. अशा नव्यानं आलेल्यांना मदत करताना मला त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात. प्रोग्राम वाईट आहे म्हणून त्या येतात असं क्वचितच असतं. निवडताना लोक वाचायला कसं वाटेल एवढंच पाहतात. पोस्ट कशी जाईल, हे कुणी तपासत नाही. वाचताना काही बिघडलं तर त्रास एकट्या तुम्हाला होतो, पण लिहिताना बिघडलं तर सगळ्या ग्रुपला होतो.

सर्व्हरची अडचण प्रोग्राम बदलून सुटत नाही

सगळ्यात आधी होणारी चूक हीच. न्यूजरीडर हा तुमच्या संगणकावरचा प्रोग्राम आणि न्यूज सर्व्हर ही वेगळी सेवा. पहिला इन्स्टॉल केला म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. फक्त मजकुराचे ग्रुप हवे असतील तर इटर्नल सप्टेंबरसारख्या सर्व्हरवर नोंदणी करून मोफत खातं मिळतं. १९९३ च्या सप्टेंबरपासून यूजनेटवर नवख्यांचा जो ओघ सुरू झाला तो थांबलाच नाही, त्यावरून हे नाव पडलं आहे.

आता होतं काय, की न्यूजरीडरमध्ये खात्याची माहिती भरली तरी ग्रुपची यादी रिकामी येते, किंवा ‘असा ग्रुप नाही’ असं उत्तर येतं. माणूस वैतागून दुसरा प्रोग्राम घेतो आणि तिथेही तेच होतं. काही सर्व्हर लॉगिन न करता जोडणी तर घेतात, पण ओळख पटेपर्यंत ग्रुप दाखवत नाहीत. थंडरबर्ड या मेल आणि न्यूजग्रुप दोन्ही वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये न्यूज खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘या सर्व्हरला जोडताना नेहमी ओळख विचारा’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण केली की बहुतेक वेळा यादी येते. त्याच पानावर पोर्टही, म्हणजे जोडणीचा क्रमांकही, पाहून घ्या. ११९ वर साधी जोडणी केली तर पासवर्ड उघडा जातो. ५६३ वर जोडणी सुरुवातीपासून एन्क्रिप्ट केलेली असते. एखादा जुना न्यूजरीडर आजच्या टीएलएसशी (जोडणी एन्क्रिप्ट करण्याच्या पद्धतीशी) जुळत नसेल तर मध्ये एसटनेलसारखा प्रोग्राम बसवून काम भागतं. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये, सरळ चालू असलेला प्रोग्राम घ्यावा.

फाइली उतरवणारा प्रोग्राम म्हणजे न्यूजरीडर नव्हे

यूजनेटसाठी सॉफ्टवेअर शोधायला गेलं की सॅबएनझेडबी आणि एनझेडबीगेट ही नावं हमखास पुढे येतात. बायनरी ग्रुपमधल्या, म्हणजे चर्चेऐवजी फाइली टाकण्याच्या ग्रुपमधल्या, फाइली उतरवण्याच्या कामात दोन्ही चोख आहेत. पण त्यात चर्चा वाचता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. तसंच, अँड्रॉइडवरचा थंडरबर्ड हा डेस्कटॉपवरच्या थंडरबर्डची छोटी आवृत्ती नाही. तो के-नाइन मेल या मेलच्या अॅपवर उभा आहे आणि त्यात न्यूजग्रुपची सोय नाही.

उत्तर कुठे जातं आणि कसं जातं

प्रत्येक पोस्टला एक मेसेज-आयडी असतो, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. तुम्ही उत्तर लिहिता तेव्हा न्यूजरीडर मूळ पोस्टचा आयडी, आणि तिच्या आधीच्या साखळीतले आयडी, ‘रेफरन्सेस’ या हेडरमध्ये (हेडर म्हणजे पोस्टच्या माथ्यावरची माहितीची ओळ) घालतो. त्या एका ओळीवर सगळा थ्रेड, म्हणजे पोस्ट आणि तिच्या उत्तरांची साखळी, उभा राहतो. विषयाच्या आधी ‘आरई’ लावल्यानं थ्रेड जुळत नाही. उत्तराचं बटण सापडलं नाही म्हणून नवी पोस्ट उघडून तोच विषय टाइप करणाऱ्यांची पोस्ट म्हणूनच एकटी पडते. उलट चूकही तितकीच होते. नवा प्रश्न विचारायचा असतो, पण माणूस एखादी जुनी पोस्ट उघडतो, उत्तर दाबतो, विषय पुसून नवा लिहितो. रेफरन्सेस मात्र जुन्याच राहतात आणि प्रश्न जुन्या थ्रेडच्या तळाशी जाऊन बसतो. ज्यांनी तो थ्रेड दुर्लक्षित केला आहे त्यांना तो कधीच दिसत नाही. मग ‘माझ्या प्रश्नाला कुणी विचारलंसुद्धा नाही’ अशी खंत.

दुसरी गोष्ट म्हणजे रिप्लाय आणि फॉलोअप. ईमेलची सवय असलेला हात रिप्लायवर जातो. न्यूजग्रुपमध्ये रिप्लाय म्हणजे लेखकाला खासगी मेल, आणि ग्रुपमध्ये उत्तर द्यायचं तर फॉलोअप. थंडरबर्डमध्ये ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात. मी सुरुवातीला वापरलेल्या एका न्यूजरीडरमध्ये दोन्हींसाठी एकच बटण होतं आणि कुठे जायचं ते एका लहानशा यादीतून निवडावं लागे. एका थ्रेडला मी संध्याकाळभर बसून उत्तर लिहिलं, ते लेखकाच्या पत्त्यावर गेलं, आणि तो पत्ता स्पॅम टाळण्यासाठी मुद्दाम खोटा दिलेला होता. मेल परत आली म्हणून कळलं तरी. तेव्हापासून नवा न्यूजरीडर उघडला की मी आधी ही दोन बटणं वेगळी आणि स्पष्ट आहेत का ते बघतो. हा माझा एकट्याचा आग्रह नाही. न्यूजरीडर पारखण्यासाठी ‘गुड नेटकीपिंग सील ऑफ अप्रूव्हल’ नावाची जी कसोटी तयार झाली, तिच्यातही नवी पोस्ट, फॉलोअप आणि मेल यांसाठी स्वतंत्र आज्ञा हव्यात ही अट आहे. रेफरन्सेस बिनचूक असणं हीदेखील तिचीच अट.

तिसरी गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची. विंडोजवरचे काही एकेकाळी नावाजलेले न्यूजरीडर यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याची पद्धत) रुळण्याच्या आधीचे आहेत. त्यात देवनागरी टाइप झाली तरी जाताना प्रश्नचिन्हांची रांग होते. नवा प्रोग्राम असेल तर दोन जागा तपासा. मजकुरासाठी कंटेंट-टाइप हेडरमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असायला हवं. विषयाची गोष्ट वेगळी आहे. पोस्टचा सोर्स, म्हणजे तिचं मूळ कच्चं रूप, उघडला की देवनागरी विषयाच्या जागी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, मग यूटीएफ-८ हे नाव आणि पुढे न वाचता येणाऱ्या अक्षरांची माळ दिसते. ते बघून पुष्कळ जण घाबरतात, पण ते बरोबर आहे. हेडरमध्ये देवनागरी अशीच गुंडाळून पाठवायची असते आणि समोरचा न्यूजरीडर ती उलगडतो.

मजकूर ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीनं जात असेल तर मात्र शक्य असल्यास सेटिंग बदला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि या पद्धतीत प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. म्हणजे नुसता ‘क’ ९ अक्षरांचा होतो. साध्या न्यूजरीडरमधून वाचणाऱ्याला ते पान म्हणजे नुसता चिवडा दिसतो. ‘८ बिट’ ठेवलं की मजकूर जसा आहे तसा जातो. फक्त ओळी मोडायला विसरू नका. एका ओळीला ९९८ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ३३० चिन्हं. एक अख्खा परिच्छेद एंटर न दाबता लिहिला तर ती सहज ओलांडली जाते. ७२ च्या आसपास ओळ मोडणारा न्यूजरीडर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

थंडरबर्ड घेतलात तर न्यूज खात्याच्या ‘कंपोझिशन’ सेटिंगमध्ये एचटीएमएलची खूण काढून टाका आणि उत्तर कोट केलेल्या मजकुराखाली सुरू होईल असं करा. एवढं केलं की थंडरबर्ड चांगला आहे. मेल त्यातच वाचत असाल तर दुसरं काही शोधू नका. रोज शेकडो पोस्ट वाचणार असाल तर मी पॅन सुचवेन. तो पाठवण्यापूर्वी पोस्ट तपासतो. ओळ ८० अक्षरांपुढे गेली, किंवा तुमच्या चार शब्दांसाठी दुसऱ्याचा पानभर मजकूर कोट झाला, की तिथल्या तिथे सांगतो. टर्मिनलची सवय असेल तर एसएलआरएन किंवा टिन उत्तम. नस नावाचा न्यूजरीडर मात्र ईमॅक्स या एडिटरमध्येच दिवस काढणाऱ्यांनी घ्यावा. केवळ न्यूजग्रुपसाठी ईमॅक्स शिकायला बसू नये.

सहीबद्दल एकच. सहीच्या वरच्या ओळीत दोन डॅश आणि त्यानंतर एक स्पेस लागते. काही एडिटर ओळीच्या शेवटची स्पेस कापतात. मग समोरच्या न्यूजरीडरला सही ओळखता येत नाही आणि प्रत्येक उत्तरात ती कोट होऊन येत राहते.

हे सगळं खऱ्या ग्रुपमध्ये तपासू नका. त्यासाठी टेस्टचे ग्रुप आहेत. मिस्क डॉट टेस्टमध्ये टाकणार असाल तर विषयात इंग्रजीत ‘इग्नोर’ लिहा, नाहीतर आपोआप उत्तरं पाठवणारी यंत्रं जागी होतात. आधी देवनागरी विषय आणि मजकुराची एक पोस्ट टाका, मग तिलाच फॉलोअप करा. आता दुसऱ्या पोस्टचा सोर्स उघडा, थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबून. रेफरन्सेसमध्ये पहिल्या पोस्टचा आयडी आहे का, यूटीएफ-८ आहे का, एचटीएमएलची खूण तर नाही ना. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि कोणत्याही परीक्षणापेक्षा ते जास्त सांगतं.

सर्व्हर बदलला आणि वाचलेलं हरवलं

काय वाचलं याची नोंद बहुतेक न्यूजरीडर न्यूजआरसी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतात. ती उघडून पाहिली तर अशी ओळ दिसते: ‘कॉम्प.लँग.सी: १-४५३२,४५४०’. म्हणजे त्या ग्रुपमधल्या १ ते ४५३२ आणि शिवाय ४५४० क्रमांकाच्या पोस्ट वाचून झाल्या. गोम अशी, की हे क्रमांक त्या त्या सर्व्हरचे असतात. मेसेज-आयडी सगळीकडे एक, पण क्रमांक प्रत्येक सर्व्हर आपला आपण देतो. जी पोस्ट एका सर्व्हरवर ४५३२ वी आहे ती दुसरीकडे ९८० वी असू शकते.

म्हणून जुन्या खात्यात फक्त सर्व्हरचं नाव बदलू नका. मी ते केलं होतं. नव्या सर्व्हरवरचे क्रमांक माझ्या जुन्या नोंदीपेक्षा लहान होते, त्यामुळे न्यूजरीडरच्या लेखी सगळं वाचून झालेलं. ग्रुप शांत झाला असं समजून मी कित्येक आठवडे तिकडे फिरकलोच नाही, आणि तिथे चर्चा जोरात चालू होती. नव्या सर्व्हरसाठी नवं खातं उघडा आणि जुनी न्यूजआरसी नुसती बाजूला जपून ठेवा.

थंडरबर्डमध्ये याच जातीची आणखी एक चूक होते. ग्रुपमध्ये ५०० पेक्षा जास्त नवे हेडर असले की तो सगळे उतरवायचे की थोडे, असं विचारतो. थोडे घेतले तर उरलेले ‘वाचलेले’ म्हणून नोंदवण्याची खूण तिथेच असते. ती न पाहता ओके दाबलं की जुनी चर्चा गायब झाल्यासारखी वाटते.

गाळणी लावताना

न्यूजरीडर आधी सर्व्हरकडून प्रत्येक पोस्टचा सारांश मागवतो: विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, लांबी. यातल्या कशावरही गाळणी (फिल्टर) लावली तर ती झटपट चालते. मजकुरातल्या शब्दावर लावली तर प्रत्येक पोस्ट पूर्ण उतरवावी लागते आणि ग्रुप उघडायला वेळ लागतो. लेखकाच्या नावावर थेट बंदी घालण्यापेक्षा गुण देणारी पद्धत बरी, जशी पॅन, एसएलआरएन आणि नसमध्ये आहे. नकोशा विषयाला उणे, आवडत्या लेखकाला अधिक. मग आवडता लेखक नकोशा थ्रेडमध्ये लिहिता झाला तरी सुटत नाही.

आकडे वाचा, आणि पुढचे शब्दही

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक असतो. जोडताना २०० आला तर पोस्ट टाकता येईल, २०१ आला तर फक्त वाचता येईल. ४८० म्हणजे लॉगिन हवं, ४८१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ४३० आला तर ती पोस्ट त्या सर्व्हरवर आता नाही, बहुधा मुदत संपून काढली गेली. तुमच्याकडे हेडर उरलं म्हणून मजकूर मिळेलच असं नाही. ४४१ म्हणजे पोस्ट नाकारली, आणि इथे क्रमांकापेक्षा पुढची ओळ महत्त्वाची. कारण तिथे लिहिलेलं असतं आणि न्यूजरीडरची खिडकी बंद करण्याच्या घाईत ते वाचायचं राहतं. नकाराचं एक कारण कुणाच्या मनातही येत नाही: संगणकाचं घड्याळ. तारीख दोन दिवस पुढे गेली असेल तर सर्व्हर ती पोस्ट घेत नाही.

पत्त्याबद्दलही सांगतो. स्पॅम नको म्हणून खोटा पत्ता द्यायचा तर त्याच्या शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ लावा. ते नाव १९९९ पासून याचसाठी राखून ठेवलेलं आहे. मनानं रचलेलं डोमेन कुणाचं तरी खरं निघतं आणि तुमचा स्पॅम त्याच्या दारात जातो.

पोस्ट गेली, पण ग्रुपमध्ये दिसत नाही, म्हणून लगेच दुसरी टाकू नका. मागे घेण्याची आज्ञा न्यूजरीडरमध्ये असली तरी बरेच सर्व्हर ती मानत नाहीत, त्यामुळे दोन झाल्या तर दोन्ही राहतात. आधी ग्रुप पुन्हा उतरवा. न दिसल्यास पाठवलेल्या पोस्टच्या फोल्डरमधली प्रत उघडा आणि ग्रुपचं नाव बिनचूक आहे का ते बघा. मग थोड्या वेळानं तिचा मेसेज-आयडी शक्य असेल तर दुसऱ्या सर्व्हरवर शोधा. तिथे ती सापडली तर पोस्ट पोचली आहे, आणि तुमच्या खिडकीत ती बहुधा कुठल्यातरी गाळणीनं अडवली आहे.