खजूर-शेंगदाण्याचे लाडू वळायला बसण्यापूर्वी

पाकाचे लाडू बिघडले तर मिश्रण पुन्हा गॅसवर चढवून सावरता येते. खजूर-शेंगदाण्याच्या लाडवांना पाक नाही, ओव्हन नाही, त्यामुळे ही सोयही नाही; सगळी भिस्त तयारीवर राहते आणि त्या तयारीचे सूत्र एकच, की भांड्यात, हातांत किंवा जिनसांत पाण्याचा अंश राहता कामा नये.

प्रत्येकी 25 ग्रॅमचे वीसएक लाडू व्हावेत यासाठी बिया काढलेला मऊ खजूर 250 ग्रॅम, शेंगदाणे 150 ग्रॅम, तीळ 50 ग्रॅम, जवस आणि सुक्या खोबऱ्याचा कीस प्रत्येकी 25 ग्रॅम, अर्धा चमचा वेलची पूड आणि हाताला लावण्यापुरते तूप काढून ठेवावे. बियांसह खजूर घ्यायचा असल्यास तो 300 ग्रॅम आणावा.

खजुराची निवड सर्वांत महत्त्वाची, कारण लाडू बांधला जातो तो त्याच्याच चिकटपणावर. बोटांनी दाबल्यावर दबणारा, पण हाताला ओल न लागणारा खजूर योग्य. फ्रीजमध्ये ठेवून विकला जाणारा फार ओलसर काळा खजूर चवीला उत्तम असला तरी त्याचे लाडू सैल होतात आणि लवकर खराब होतात. पाकिटावर ‘बिनबियांचा’ असे छापलेले असले तरी प्रत्येक खजूर उघडून पाहावा, कारण आत क्वचित बी राहिलेली असते, कधी कीडही असते. खजूर कडक निघाल्यास तो भिजत घालू नये. चमचाभर तुपात मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतला की मऊ पडतो.

शेंगदाणे भाजण्यापूर्वी निवडून सुरकुतलेले, काळपट आणि बुरशी आलेले दाणे टाकून द्यावेत. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. शेंगदाणे, तीळ आणि जवस कधीही एकत्र भाजू नयेत, कारण दाणे आतपर्यंत खमंग होईपर्यंत तीळ करपून कडू होतात. खोबऱ्याचा कीस सर्वांत शेवटी, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर परतला तरी पुरतो. जवस तडतडू लागले की उतरवावेत आणि ते कुटूनच वापरावेत, कारण अख्खे दाणे बहुधा न पचताच शरीराबाहेर जातात. कूट मात्र लवकर खवट होत असल्यामुळे तो त्या दिवसापुरताच करावा.

भाजण्याचे काम आदल्या रात्री उरकलेले बरे. कोमट दाणे मिक्सरमध्ये फिरवले तर तेल सुटून कुटाचा लगदा होतो. थंड झालेलेही थांबत थांबत फिरवावेत आणि कूट रवाळ ठेवावा. मिक्सरचे भांडे, परात आणि डबा धुऊन रात्रभर पालथे ठेवले की सकाळी कोरडे मिळतात.

साखर घातलेली नाही म्हणून हे लाडू मधुमेहींनी निर्धास्त खावेत, असे अनेक घरांत म्हटले जाते. ते बरोबर नाही. खजुराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग साखरेचाच असतो. म्हणूनच वजनकाटा जवळ ठेवावा, कारण अंदाजाने वळलेले लाडू हमखास मोठे होत जातात. डब्यासाठी करायचे असल्यास शेंगदाणे व तीळ यांची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारावे. लहान मुलांसाठी दाण्यांचे तुकडे न ठेवता कूट बारीक करावा.

शेवटी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यावर तारीख लिहायला कागदाची पट्टी एवढे बाजूला ठेवावे. पावसाळ्यात हा डबा फ्रीजमध्येच जाणार असल्याने तिथली जागाही आधीच रिकामी करावी.